स्ट्रोकनंतर डोकं पुन्हा कामाला लावायचं कसं? घरचे लोक वारंवार विचारतात ते प्रश्न

मी पुण्यात घरोघरी जाऊन स्ट्रोकच्या पेशंटची फिजिओथेरपी घेते, कोथरूड, सहकारनगर आणि पेठा असा माझा एरिया. सुरुवातीचे महिने सगळे हातापायाचंच विचारतात, बोटं कधी हलणार, काठी कधी सुटणार वगैरे. डोक्याचा विषय त्यानंतर निघतो आणि तोही पेशंटसमोर नाही, मी चपला घालत असताना जिन्यात. तेच प्रश्न इथे एकत्र केलेत. औषधगोळ्यांचं मात्र तुमच्या न्यूरोला, म्हणजे मेंदूच्या डॉक्टरांनाच विचारा, ते मी सांगणार नाही.

बाबा चालतात, बोलतात, पण डोकं पहिल्यासारखं चालत नाही. हा डिमेन्शिया (स्मृतिभ्रंश) आहे का?

इतक्यात तो शिक्का मारू नका. स्ट्रोकमध्ये मेंदूच्या एका भागाचा रक्तपुरवठा तुटतो, किंवा रक्तवाहिनी फुटून रक्त साठतं, आणि त्या भागाकडे हात हलवायचं काम असेल तर हात जातो, लक्ष लावणं किंवा कामाचा क्रम ठरवणं असं काही असेल तर ते जातं. पहिल्या वर्षात ६० टक्क्यांपर्यंत पेशंटना अशी काहीतरी अडचण येते, सगळ्यात जास्त सुरुवातीला, आणि काहींची पहिल्या सहा महिन्यांत बरीच कमी होते. पुढे काही जणांना डिमेन्शिया होतो हेही खरंच आहे, म्हणून तर हे सगळं लिहायचं.

घरच्यांना सगळंच विसरणं वाटतं, पण नीट बघितलं तर प्रत्येकाचं वेगळं निघतं. चहा करायला गेले, गॅस पेटवला, साखर-पावडर टाकली आणि पाणीच घातलं नाही, तर तिथे क्रम गेलाय. टीव्ही चालू असताना सांगितलेलं डोक्यात शिरतच नाही तेव्हा लक्षाची अडचण असते, स्मरणशक्तीपर्यंत गोष्ट पोचलेलीच नसते. काहींना उत्तर येतं पण अर्ध्या मिनिटाने येतं आणि तोपर्यंत सूनबाईंनी देऊन टाकलेलं असतं. मेंदूच्या उजव्या बाजूला स्ट्रोक झालेल्या काही लोकांना डावीकडचं जग जाणवतच नाही. एका आजी भाजी-आमटी संपवायच्या आणि चटणी-कोशिंबिरीला हात लावायच्या नाहीत, घरच्यांना वाटलं तोंडाची चव गेली, तर कोशिंबीर ताटात डावीकडे वाढलेली म्हणून ती दिसतच नव्हती. ताट फिरवलं की खायच्या.

आणि ज्यांना बोलताना शब्दच सापडत नाहीत त्यांचं प्रकरण वेगळं, त्याला अफेजिया म्हणतात. त्यात बऱ्याच जणांना समोरचं बरंचसं समजत असतं, तेव्हा त्यांच्यादेखत "यांना आता काही कळत नाही" असं बोलू नका, प्लीज. तिथे स्पीच थेरपिस्ट लागतो.

मग लगेच मेंदूचे व्यायाम सुरू करू का?

थांबा, आधी चार गोष्टी तपासून घ्या, यात बरेचदा सोपं काहीतरी सापडतं. बी-१२ आणि थायरॉइड (शाकाहारी घरात बी-१२ बरेचदा कमी निघतं). सोडियम. कान आणि चष्मा, कारण हॉस्पिटलमधून घरी आल्यावर चष्मा कपाटात आणि कानाचं मशीन ड्रॉवरमध्ये पडून असतं आणि आपण म्हणतो लक्ष देत नाहीत. रात्रीचं घोरणं, म्हणजे घोरता घोरता श्वास अडकतो का ते बघा, स्लीप ॲप्निया स्ट्रोकच्या पेशंटमध्ये खूप असतो आणि त्याने दिवसभर डोकं जड राहतं. झोपेची किंवा ॲलर्जीची एखादी गोळी चालू असेल तर डॉक्टरांना दाखवा, काही गोळ्या म्हाताऱ्या माणसाला गुंगवतात.

आणि डिप्रेशन. स्ट्रोकनंतर साधारण तीनातल्या एकाला होतं. आपल्याकडे रडत नाहीत म्हणजे डिप्रेशन नाही असं धरतात, पण गप्प बसून राहणं, कशातच मन न लागणं, विचारलं की "मला नाही माहीत" म्हणणं हेही तेच असू शकतं आणि बाहेरून ते हुबेहूब स्मृतिभ्रंशासारखं दिसतं. याला औषध आहे, लाजू नका.

व्यायाम तर हातापायाचा, त्याने डोकं कसं सुधारणार?

हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडतो कारण याचं उत्तर आता बऱ्यापैकी पक्कं झालंय. दम लागेल असा व्यायाम केला की मेंदूतला रक्तप्रवाह सुधारतो, आणि नव्या जोडण्या तयार व्हायला मदत करणारी प्रथिनं वाढतात, त्यातलं एक बीडीएनएफ. शिवाय बीपी, शुगर, झोप आणि मूड हे चारही सुधारतात आणि हे चारही डोक्याशी थेट जोडलेले.

२०१७ मध्ये १४ अभ्यास एकत्र करून बघितले होते, एकूण ७३६ स्ट्रोकचे पेशंट, तर व्यायामाने विचारशक्तीत सुधारणा दिसली, आणि दम लागणारा व्यायाम अधिक ताकदीचा व्यायाम असं जोडीने करणाऱ्यांत जास्त दिसली. मग २०२२ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरचा अभ्यास आला, त्यात स्ट्रोक होऊन वर्ष उलटून गेलेले १२० लोक होते, तीन गट केले, एकाला व्यायाम, दुसऱ्याला कॉम्प्युटरवरचा मेंदूचा सराव आणि गटात मिळून काही उपक्रम, तिसऱ्याला नुसतं हलकं स्ट्रेचिंग आणि तोल. आठवड्यातून दोनदा, सहा महिने. शेवटी व्यायामवाल्यांच्या विचारशक्तीत फरक पडला आणि कॉम्प्युटरवाले स्ट्रेचिंगवाल्यांच्या फार पुढे गेले नाहीत. म्हणजे आपल्या घरात जे चालतं त्याच्या बरोबर उलटं, आपण आजोबांना खुर्चीत बसवून हातात सुडोकू देतो आणि चालायला नेत नाही कारण पडतील.

मात्र सहा महिने संपल्यावर व्यायाम सोडला की मिळालेला फायदा टिकेल असं धरून चालू नका, जेवणासारखं रोजचं आहे हे.

मेंदूचा सराव मग सोडूनच द्यायचा का?

नाही नाही, तसं नाही. २०१९ मध्ये कॅनडातल्याच दुसऱ्या एका अभ्यासात ५२ जणांकडून दहा आठवडे व्यायाम आणि मेंदूचा सराव वेगवेगळ्या जोड्या लावून करून घेतला होता, त्यात आधी दम लागणारा व्यायाम आणि लगेच पाठोपाठ मेंदूचा सराव ही जोडी नवीन कोडं सोडवायच्या क्षमतेत पुढे राहिली. लोक थोडे आहेत त्यामुळे मी फार उड्या मारणार नाही, पण मी हाच क्रम ठेवते, आधी घाम आणि मग डोकं. सकाळी चालून आले, पाणी प्यायले, दहा मिनिटं बसले की तेव्हाच वही काढायची, दुपारी जेवून पेंगताना काढू नका.

व्यायाम कधीपासून? हॉस्पिटलात दुसऱ्याच दिवशी उभं केलं नाही म्हणून आम्ही भांडलो.

भांडायचं कारण नव्हतं. एव्हर्ट नावाचा मोठा अभ्यास २०१५ मध्ये आला, २,१०४ पेशंट होते, आणि पहिल्या २४ तासांत भरपूर आणि वारंवार उठवून चालवलेल्या लोकांचा निकाल तीन महिन्यांनी नेहमीची ट्रीटमेंट घेतलेल्यांपेक्षा जरा वाईटच निघाला. त्यामुळे पहिले दिवस थोडं थोडं आणि डॉक्टर सांगतील तसंच. दम लागेल असा व्यायाम घरी आल्यावर, बीपी स्थिर झाल्यावर, हार्ट तपासून घेतल्यावर. ॲट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे ठोके अनियमित पडणं) असेल, स्टेंट असेल, ब्रेन हॅमरेज झालेलं असेल तर लेखी विचारून घ्या की वरचं बीपी कितीच्या पुढे असताना व्यायाम करायचा नाही, आणि तो कागद फ्रिजवर लावा.

नक्की किती करायचं?

अमेरिकन हार्ट असोसिएशन जे कमीत कमी सांगते ते म्हणजे मध्यम जोराचा व्यायाम आठवड्यातून चारदा, दर वेळी दहा मिनिटं. दहाच! हे ऐकून लोकांना हायसं वाटतं. तिथून हळूहळू वीस, मग तीस करत जायचं, जमेल तसं.

मध्यम म्हणजे किती, तर बोलता येतं पण गाणं म्हणता येत नाही इतका दम. घड्याळातल्या नाडीच्या आकड्यावर विसंबू नका, कारण बीपीच्या काही गोळ्या (मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल यांसारख्या बीटा ब्लॉकर) नाडी वाढूच देत नाहीत, मग जास्तीत जास्त नाडी काढायचं २२० वजा वय हे गणित चुकतं आणि माणूस आकडा गाठायला जिवाचा आटापिटा करतो.

ताकदीसाठी जिम लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं हा एकटा व्यायाम मी वर्षभर घेऊ शकते. भिंतीला धरून टाचा वर करणं, जिन्याची पहिली पायरी वर-खाली, अर्धा लिटर पाण्याची बाटली घेऊन हात उचलणं. एक दिवसाआड, थकेपर्यंत पण श्वास रोखून नाही, श्वास रोखून जोर लावला की बीपी चढतं, मोठ्याने मोजत केलं की श्वास आपोआप चालू राहतो.

ज्यांना चालताच येत नाही त्यांनी?

बसून करा. खुर्चीसमोर ठेवायचं पेडलचं यंत्र मिळतं, अशक्त पाय पट्टीने बांधून चांगला पाय फिरवला तरी चालतं. दम लागला पाहिजे इतकंच, पायाने लागला की हाताने लागला त्याने मेंदूला फारसा फरक पडत नाही.

पुण्यात फिरायला कुठे न्यायचं? आमचे आजोबा रोज पर्वती चढायचे.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या नंतर बघू, त्याही उतरताना जास्त त्रास देतात. सुरुवातीला सपाट, बसायला बाक आणि कडेला कठडा असलेली जागा हवी. सारसबाग, कमला नेहरू पार्क, संभाजी बाग, सिंहगड रोडचं पु. ल. देशपांडे उद्यान यातलं जे जवळ असेल ते. फुटपाथवर नेऊच नका असं मी सरळ सांगते, उखडलेले पेव्हर ब्लॉक, मधेच आलेली टपरी आणि वर चढलेली टू-व्हीलर, धडधाकट माणूस अडखळतो तिथे. टेकडीची सवय असलेल्या माणसाला टेकडी सोडवत नाही हे मला कळतं, तळजाईचा सपाट भाग तीनचार महिन्यांनी जमतो पुष्कळांना, पण सोबत माणूस हवं आणि पावसाळ्यात शेवाळ असताना नाहीच. पावसाळ्यात सोसायटीचं पार्किंग झिंदाबाद, गाड्या ऑफिसला गेल्यावर रिकामं असतं आणि सपाटही.

मेंदूच्या सरावासाठी ॲप घ्यावं का? वर्षाचे पैसे भरायला सांगतायत.

मी तरी घेऊ नका म्हणेन. ॲपमधला खेळ खेळून माणूस त्या खेळात पटाईत होतो, पण दुधाचा हिशोब जमेलच याची खात्री नाही. लुमॉसिटी हे या धंद्यातलं फार गाजलेलं नाव, त्यांच्या जाहिरातींत स्मृतिभ्रंश लांब ठेवायचे वगैरे दावे होते आणि २०१६ मध्ये अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने दिशाभूल करणाऱ्या जाहिराती म्हणून प्रकरण लावून धरलं, ते २० लाख डॉलर भरून मिटलं. फुकटातलं ॲप आवडीने खेळत असतील तर खेळू द्या, पण त्याला ट्रीटमेंट समजू नका.

मग घरी काय करून घ्यायचं?

जे काम त्यांना परत करायचंय तेच काम तुकडे करून. पेशंटला विचारा, तुम्हाला काय जमलं पाहिजे? उत्तरं मस्त येतात. एका काकांना मंडईतून स्वतः भाजी आणायची होती, बाकी काही नको. मग त्यांच्यासाठी सराव असा लावला की आधी घरी तीन भाज्यांची नावं ऐकून पाच मिनिटांनी सांगायची, मग पाच भाज्या, मग भाव आणि वजन, चाळीस रुपये किलो तर पाव किलोचे किती (जुन्या लोकांना पावकी-निमकी पाठ असते, ती लगेच बाहेर येते आणि चेहरा खुलतो), मग खालच्या भाजीवाल्याकडे यादी घेऊन, मग बिनयादीचं. मंडईला ते मुलाबरोबर गेले आणि कोथिंबिरीवरून घासाघीस करून आले.

ज्यांचा क्रम गेलाय त्यांच्यासाठी पोहे उत्तम. भिजवणं, कांदा, फोडणी, मीठ-साखर, वाफ, असे टप्पे मोठ्या अक्षरात लिहून ओट्यासमोर चिकटवा, करताना एकेक टप्पा मोठ्याने म्हणायला लावा, आणि गॅसपाशी तुम्ही उभे रहा पण हात मागे बांधून. लक्षासाठी पत्ते छान, बदाम सात पासून सुरू करा, मेंढीकोट जमायला लागली म्हणजे गाडी बरीच पुढे आली. डावीकडे लक्ष जात नसेल तर पेपर वाचताना डाव्या कडेला लाल पेनाने उभी रेघ मारा, रेघ दिसेपर्यंत नजर न्यायची आणि मग ओळ सुरू करायची.

विसरण्यासाठी मी पाठांतरापेक्षा वहीवर जास्त भर देते. एकच वही, एकच जागा, पेन दोऱ्याने बांधलेलं. गोळी घेतली की टिक, कुणाचा फोन आला ते, उद्या काय. स्मरणशक्ती नुसती घासून पहिल्यासारखी होते याला फार मोठा आधार नाही, पण वही वापरायची सवय लागली की माणूस दर दहा मिनिटांनी विचारायचं थांबवतो आणि घरातली निम्मी भांडणं संपतात.

आणि चुकवून शिकवू नका. "आठवा, आठवा बघू, अहो आठवा ना" असं केलं की चुकीचं उत्तरच पक्कं बसतं. नवीन गोष्ट आधी बरोबर सांगा, लगेच विचारा, मग एका मिनिटाने, मग पाच, मग अर्ध्या तासाने.

आजी स्तोत्रं घडाघडा म्हणतात, मग सकाळी काय खाल्लं ते का सांगता येत नाही?

कारण लहानपणापासून हजारो वेळा म्हटलेलं मेंदूत वेगळ्या पद्धतीने पक्कं बसलेलं असतं, नवीन गोष्ट साठवायची यंत्रणा निराळी. म्हणून त्या मुद्दाम करतायत असं समजू नका. स्तोत्रं म्हणू द्या, आत्मविश्वास वाढतो, उच्चार सुधारतात, पण डोक्याला ताण हवा असेल तर एक ओळ त्यांनी आणि एक तुम्ही असं म्हणा, किंवा मधूनच एखादी ओळ पकडून पुढे जायला सांगा. भेंड्या तर फारच छान.

चालता चालता पाढे म्हणायला लावले तर दोन्ही एकदम होईल ना?

होईल, पण पडतील सुद्धा. काही लोकांशी चालताना बोललं की ते थांबून उत्तर देतात, बघितलंय का? ते थांबणं म्हणजे त्यांच्या मेंदूला दोन्ही एकदम झेपत नाहीये आणि असे लोक जास्त पडतात. म्हणून पहिले काही आठवडे चालताना गप्पा बंद. नंतर जागच्या जागी पाय उचलत वार उलटे म्हणायचे, शनिवार, शुक्रवार, गुरुवार. मग भिंतीजवळ चालत १०० मधून तीन-तीन वजा. मग बागेत, वाटेत दिसलेल्या लाल गाड्या मोजत. पाय अडखळला की डोक्याचं काम सोपं करायचं, चालणं थांबवायचं नाही. हे फिजिओ समोर असतानाच सुरू करा.

काही करायलाच तयार नाहीत, चिडतात, "मला शाळेत घातलंय का" म्हणतात.

बरोबरच आहे त्यांचं. रिटायर्ड बँक मॅनेजरला बालवाडीचं रंगकामाचं पुस्तक दिलेलं मी पाहिलंय. त्यांना सोसायटीच्या मेंटेनन्सचा हिशोब तपासायला द्या, चुका निघाल्या तर चालतील, तुम्ही मागून बघा. आणि वीस मिनिटांच्या वर ताणू नका, स्ट्रोकनंतरचा थकवा खरा असतो, तो आळस नसतो.

याच्यातच दुसरी गोष्ट, जी कुणी विचारत नाही पण मी सांगते. आपण सगळं हातात आणून देतो. ब्युरोचे मामा, म्हणजे पेशंटला सांभाळायला पगारी माणूस, ठेवलेले असतात, ते बिचारे प्रामाणिक, शर्टाची बटणंसुद्धा लावून देतात, पाण्याचा ग्लास तोंडाला लावतात. चोवीस तासांत माझा तास एक, उरलेले तेवीस तास मेंदूला कामच नाही. मामांना स्पष्ट सांगा की बटणाला दहा मिनिटं लागली तरी लावू द्यायची. तिथे व्यायामही होतो आणि क्रमाचा सरावही, तोही फुकट.

सहा महिने झाले, आता काही होणार नाही म्हणतात?

वेग कमी होतो, दार बंद होत नाही. वर सांगितलेला व्हँकुव्हरचा अभ्यास वर्ष उलटलेल्या लोकांवरच होता.

तेल मालिश, कबुतराचं रक्त, लकव्याचं इंजेक्शन?

मालिश बरं वाटतं म्हणून करा, दुखऱ्या खांद्याला ओढू नका. कबुतराला सोडा. इंजेक्शन कुणी "गॅरंटीने" देत असेल तर उठून या तिथून.

सुधारणा होतेय हे कळणार कसं?

डॉक्टर मोका नावाची स्मरणशक्ती, लक्ष वगैरे तपासायची टेस्ट घेतात, ३० मार्कांची, २६ च्या खाली गेलं तर लक्ष देतात, पण शिक्षण कमी असेल तर मार्क कमी येतातच, आणि टेस्ट परत परत घेतली की सवयीने वाढतात. मी घरच्यांना सांगते महिन्यातून एकदा एक ठरलेलं काम करून घ्या आणि वहीत लिहा, फोन लावायला किती वेळ लागला, कितीदा सांगावं लागलं. आणि उलटं झालं, म्हणजे सुधारत असलेला माणूस अचानक गोंधळला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, हात गळाला, तर वही बाजूला ठेवा आणि १०८ ला फोन करा. गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं, "जरा झोपू दे, बघू सकाळी" यात ते हुकतं.

बाबा स्कूटर मागतायत, देऊ का?

पुण्यात हा प्रश्न येतोच. पाय सुधारला म्हणजे गाडी चालवता येते असं नाही, डावीकडून घुसणारी रिक्षा दिसणं, सिग्नल, खड्डा आणि मागचा हॉर्न हे सगळं एका सेकंदात जुळवायचं असतं, आणि स्ट्रोकनंतर नेमकं तेच मंदावतं. नजरेची तपासणी, न्यूरोची लेखी परवानगी आणि रिकाम्या मैदानात ट्रायल याशिवाय अजिबात नाही. फिट आली असेल किंवा डाव्या बाजूचं भान कमी असेल तर विषयच बंद. चावी लपवू नका, ती शोधण्यात ते दिवस घालवतात आणि भांडण होतं ते वेगळं. सरळ सांगा, आणि पीएमपीचा ज्येष्ठांचा पास काढून द्या, बस नंबर वाचणं, उतरायचा स्टॉप लक्षात ठेवणं, हा सरावच आहे, पहिल्या काही वेळेला मागच्या सीटवर तुम्ही बसा.